सुनेचं माहेरचं आडनाव 'दोंदू', 'धुंडू' की 'धोंडू'? मॉरिशसच्या जुन्या नोंदी वाचणारं कोणी आहे का?

उंबरठा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

डिसेंबरात मुलाचं लग्न आहे. होणारी सून मॉरिशसची, तिथल्या मराठी घरातली. सहावी पिढी. घरात क्रेओल (तिथली फ्रेंचवरून आलेली बोली) बोलतात, मराठी ती शाळेत शिकली आणि माझ्याशी बोलते ती थोडी पुस्तकी पण गोड. गणपतीत तिच्या घरी झाकरी नाचतात. व्हिडिओ बघितला तर आपली जाखडीच की हो!

पत्रिका छापायला टाकली तिथून सगळं सुरू झालं. पासपोर्टवर तिचं आडनाव डी-ओ-एन-डी-ओ-यू असं आहे. प्रेसवाल्याने प्रूफ पाठवलं, 'दोंडौ परिवार'. ती म्हणाली, "नाही आई, दोंदू." तिचा चुलतभाऊ स्वतःला धुंडू म्हणवतो आणि डी-एच-डबल ओ-एन-डी-डबल ओ लिहितो. म्हणजे सख्ख्या काकाचा मुलगा आणि आडनावाचं स्पेलिंग वेगळं. तिच्या आजीला विचारलं तर त्या म्हणाल्या, "आमी धोंडूचे." विषय संपला.

आता गुरुजींनी मूळ गाव, कुलदैवत, गोत्र सगळं मागितलंय. विहीणबाई म्हणतात, रत्नागिरीहून आलो एवढंच ठाऊक आहे. ह्या आडनावावरून गाव सापडेल का? आपल्याकडे 'धोंडू' असं आडनाव कोणाचं ऐकलंय का?

एक_शंका

धोंडू हे आडनाव नाहीच. नाव आहे. माझ्या पणजोबांचं होतं.

कंदील

मूल जगत नसेल तर दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, केरू अशी नावं ठेवायचे. कोकणात एका वाडीत तीन-तीन धोंडू असायचे. त्यावरून गाव शोधायचं म्हणजे समुद्रात सुई.

व्हाक्वाची_ताई

उंबरठाताई, मी मॉरिशसचीच, व्हाक्वात राहते, शाळेत मराठी शिकवते. तुमचा धागा वाचून हसू आलं, कारण ही आमची घरोघरची कथा आहे.

एक गोष्ट आधी सांगते. आमच्याकडची बहुतेक मराठी आडनावं ही आडनावं नव्हतीच. मजूर जहाजावर चढला तेव्हा रजिस्टरात त्याचं नाव आणि बापाचं नाव एवढंच लिहिलं गेलं. इथे आल्यावर फ्रेंच पद्धतीच्या जन्म-मृत्यू नोंदणीला आडनाव हवंच होतं. मग मुलाच्या जन्मनोंदीत बापाचं जे एकुलतं नाव असेल ते आडनावाच्या जागी बसलं आणि पुढे तेच चालू राहिलं. म्हणून आमच्यात कुणी लक्ष्मण, कुणी सखाराम, कुणी रावजी अशी 'आडनावं' लावतात. तुमच्या सुनेचं आडनाव म्हणजे मूळ आलेल्या माणसाचं पाळण्यातलं नाव.

म्हणजे गावाकडे 'धोंडू' आडनावाचं घर शोधू नका. असं घर नाहीच. गावात राहिलेल्या भावाच्या वंशजांचं आडनाव आज काहीही असेल.

हवी ती गोष्ट एकच: इमिग्रंट नंबर. १८३४ पासून पुढे हिंदुस्थानातून साडेचार लाखांच्या वर माणसं ह्या बेटावर उतरली. प्रत्येकाला एक क्रमांक मिळाला आणि तो मरेपर्यंत त्याच्या मागे राहिला. पास काढायला नंबर, लग्नाला नंबर, मुलाच्या जन्मनोंदीत आईबापाचे नंबर, मृत्यूच्या दाखल्यातही नंबर. स्पेलिंग पाच वेळा बदलेल, नंबर बदलत नाही. ही रजिस्टरं मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. वंशजांनी अर्ज करायचा, सोबत जन्म-लग्न-मृत्यूच्या दाखल्यांची साखळी जोडायची. सुनेला सांगा, आजोबांच्या वडिलांच्या जन्माचा दाखला आधी काढ.

अतिशहाणा

गोऱ्यांनी मुद्दाम नावं मोडली, दुसरं काय. अमेरिकेतही एलिस बेटावर अधिकारी सरळ नवीन नाव लिहून देत.

मोडीवाचक

@अतिशहाणा, एलिस बेटाची ती गोष्ट सगळे सांगतात, पण ती दंतकथा आहे. तिथले अधिकारी नावं लिहीत नव्हते, निघण्याच्या बंदरावर जहाज कंपनीने केलेली यादी समोर ठेवून पडताळत होते. स्पेलिंग व्हायचं ते आधीच झालेलं असायचं, किंवा पुढे त्या कुटुंबानेच सोयीसाठी बदललेलं असायचं.

मॉरिशसचंही बरंचसं तसंच. मराठी माणसं मुंबई बंदरातून गेली. पहिली यादी मुंबईत झाली, ती पोर्ट लुईला पुन्हा उतरवली गेली, आणि पुढच्या नागरी नोंदी फ्रेंच-क्रेओल बोलणाऱ्या कारकुनांनी केल्या. म्हणजे एकच 'धोंडू' तीन कानांतून गेला. धोंडूला स्वतःला लिहिता येत नव्हतं, तेव्हा चूक आहे हे सांगणार कोण? कोणी मुद्दाम काही मोडायची गरजच नव्हती.

स्पेलिंगवरून मात्र कारकून ओळखता येतो. जुन्या इंग्रजी पद्धतीत, फोर्ट विल्यम कॉलेजातल्या गिल्ख्रिस्टच्या वळणाने, 'अ' साठी यू लिहीत आणि 'उ/ऊ' साठी डबल ओ. म्हणून पुणे झालं पी-डबल ओ-एन-ए आणि रत्नागिरीची सुरुवात आर-यू-टी ने व्हायची. १८७० च्या दशकात हंटरची पद्धत सरकारी कागदात आली आणि ए, आय, यू असं आजचं वळण रुळलं. पण जी नावं तोवर थिजली ती थिजलीच. पंजाबच्या इंग्रजी स्पेलिंगात पी-यू अजून बसलाय तो त्यातलाच. मॉरिशसचे जगन्नाथ घराणे बघा, जे-यू-जी-एन-ए-यू-टी-एच. पहिला यू म्हणजे आपला 'अ'. आपले वृत्तनिवेदक त्याचं 'जुगनॉथ' करतात तेव्हा मला घाम फुटतो. आत्ताचे राष्ट्राध्यक्ष गोकुळ, त्यांच्या आडनावात डबल ओ आहे.

आता फ्रेंच कान. त्याला 'उ' ऐकू आला की तो ओ-यू लिहितो. त्याच्या भाषेत ह-कार मुका, म्हणून 'ध' चा 'द' होतो. 'ड' आणि 'द' त्याला एकच. म्हणजे धोंडू → दोंदू, डी-ओ-एन-डी-ओ-यू. सुनेच्या घराण्याची नोंद फ्रेंच वळणाच्या कारकुनाने केली, चुलतभावाच्या शाखेची नोंद इंग्रजी रजिस्टर समोर ठेवून झाली असावी. दोघंही बरोबर आहेत, दोघंही चूक आहेत.

कंदील

व्वा. म्हणजे 'ळ' तर बिचारा कुठेच पोचत नसणार.

मोडीवाचक

नाही पोचत. 'ळ' चा 'ल', 'ण' चा 'न'. बाळा आणि बाला एकच.

उंबरठा

किती छान माहिती! सुनेला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली की काका आणि तिचे आजोबा वेगवेगळ्या जिल्ह्यांत राहायचे. एक हेन्रिएटाला, म्हणजे प्लेन विल्हेम्स जिल्ह्यात, आणि दुसरे कास्कावेलला, ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात. नोंदणी कचेऱ्या वेगळ्या. म्हणून असेल.

दाखले काढायला तिच्या मामांना सांगितलंय. कळवते.

अतिशहाणा

हे सगळं ठीक, पण एवढं करून मिळणार काय? पत्रिकेत आडनाव छापायचंय ना? मुलीला विचारा आणि छापा.

उंबरठा

पत्रिकेचं झालंय हो. आता माझंच कुतूहल जात नाहीये.

उंबरठा

मंडळी!! सापडला!

मामांच्या ओळखीतल्या एकाने जुन्या याद्यांच्या प्रतींत रत्नागिरीचा धोंडू शोधून काढला. स्पेलिंग डी-एच-डबल ओ-एन-डी-डबल ओ, अगदी चुलतभावासारखं. वय २४, बापाचं नाव भिकाजी, जिल्हा रत्नागिरी. मी लगेच व्याह्यांना फोन करून सांगितलं. ते रडलेच. गुरुजींनाही सांगून मोकळी झाले.

व्हाक्वाची_ताई

ताई, रागावू नका. पण नंबर जुळला का?

उंबरठा

कसला नंबर? नाव जुळलं, जिल्हा जुळला...

व्हाक्वाची_ताई

तेच तर. रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले धोंडू किती असतील ते कंदील वर सांगूनच गेलेत. आधी घराकडच्या दाखल्यावरचा नंबर हवा, तो घेऊन रजिस्टराकडे जायचं. रजिस्टरातून घराकडे आलात तर जो पहिला आवडेल तो आजोबा होतो. माझ्या नवऱ्याच्या घरी हेच झालं. आठ वर्षं भलत्याच माणसाच्या नावाने श्राद्ध घातलं.

एक_शंका

आठ वर्षं?! मग त्या भलत्या माणसाला पोचलं असेल तरी.

व्हाक्वाची_ताई

पोचलं असेल. त्याला कोणी घालत नसेल तर बरंच झालं म्हणायचं.

उंबरठा

(चार दिवसांनी)

हा आमचा धोंडू नाही.

मामांनी पणज्यांच्या वडिलांच्या जन्माच्या नोंदीची प्रत मिळवली. त्यात बापाचा नंबर सहा आकडी आहे (शेवटचे तीन आकडे इथे देत नाही, घरच्यांनी नको म्हटलंय) आणि त्या भिकाजीपुत्राचा नंबर अगदीच वेगळा निघाला. व्याह्यांना परत फोन करून 'तो आपला नव्हे' सांगताना मला जे वाटलं ते विचारू नका. ते म्हणाले, "बरं झालं, मला तो फार आवडायला लागला होता."

खाडीकाठ

नमस्कार. मी संगमेश्वर तालुक्यातला, खाडीकाठचाच. धागा उशिरा पाहिला. ताई, बरोबर नंबरवाल्या नोंदीत गावाचा रकाना असेल. जिल्हा, परगणा किंवा तालुका, गाव असं लिहीत. तो मिळाला तर टाका इथे, आम्ही लावू डोकं.

आधीच सांगतो, त्या काळचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा नव्हे. मालवण, वेंगुर्ला तेव्हा रत्नागिरीतच. सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला. सावंतवाडी संस्थान होतं, ते निराळं. आणि १८८० चं गॅझेटियर उघडलंत तर त्यात लांजा असा तालुकाच दिसणार नाही. गुहागर चिपळूणच्या पोटात, मंडणगड दापोलीच्या पोटात. म्हणून आजच्या तालुक्यांच्या यादीशी ताडून 'असा तालुका नाही, म्हणजे नोंद खोटी' असं करू नका.

उंबरठा

बरोबर नंबरचा उतारा मोकाहून मिळाला! ह्या वेळी नंबर तीनदा तपासला. काल मामांनी वाचून दाखवला, मी वहीत उतरवून घेतलं, तेच देते:

नाव धोंडू (स्पेलिंग ह्यातही तिसरंच, डी-डबल ओ-एन-डी-डबल ओ). बाप: रामा. वय २२. जातीच्या रकान्यात 'मराठा'. जिल्हा रत्नागिरी. पुढच्या रकान्यात संगमेश्वरसारखं काहीतरी. गाव: अंबोन. १८५० च्या दशकातलं आगमन. करार एका साखरमळ्यावर.

अंबोन कुठे आलं?

एक_शंका

गूगल केलं. अंबोन इंडोनेशियातलं बेट आहे. लवंगा, जायफळं. 😄

अतिशहाणा

म्हणजे सून इंडोनेशियन!

मोडीवाचक

जिल्ह्याच्या रकान्यात रत्नागिरी आहे, तेव्हा लवंगा राहू द्या. ताई, तो उतारा डोळ्याने पाहिला का, की मामांनी वाचलेला ऐकला? धावत्या इंग्रजी हातात शेवटचा यू आणि एन हुबेहूब सारखे दिसतात. दोन दांड्या, वर जोड की खाली जोड एवढाच फरक. मला वाटतं ते 'अंबोन' नसून 'अंबोउ' आहे. ए-एम-बी-ओ-यू.

खाडीकाठ

अहो, आंबव! आमच्याकडे बोलताना कोणी 'आंबव' असं व दाबून म्हणत नाही. 'आंबौ' म्हणतात. "आंबौला जातंय." कारकुनाने जे ऐकलं तेच लिहिलंय. शंभर टक्के आंबव.

फक्त एक घोटाळा आहे. तालुक्यात आंबव एक नाही. एक देवरुखजवळचं. दुसरं आंबव पोंक्षे, ते माखजनच्या बाजूला, खाडीकडे. दोघांच्या मध्ये अख्खा तालुका आहे.

उंबरठा

मामांनी फोटो पाठवला. मोडीवाचक म्हणतात तसंच आहे. त्याच पानावर वरच्या ओळीत 'बापू' लिहिलंय, त्यातला यू आणि ह्यातलं शेवटचं दोन दांड्यांचं अक्षर एकदम सारखे. खाली वळण आहे, वर नाही. अंबोन रद्द.

जातीच्या रकान्यात 'मराठा' आहे म्हटल्यावर गुरुजी खूश झाले, म्हणाले आता गोत्र काढू.

मोडीवाचक

काढू देऊ नका. मुंबईहून गेलेल्या याद्यांत 'मराठा' हा शब्द फार ढिला वापरलेला असतो. कधी जात, कधी 'मराठी मुलखातला' एवढंच. कारकुनाला रकाना भरायचा होता. मॉरिशसात आजही 'मराठी' म्हणजे भाषेचा समाज, सगळे मिळून. त्या एका शब्दावर गोत्र उभं राहत नाही.

व्हाक्वाची_ताई

अगदी. आणि ताई, फोटोही विचारा. १८५० च्या दशकात आलेल्याचा आगमनाच्या वेळचा फोटो नसणार, पण १८६७ च्या कायद्यानंतर करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही फोटोचं तिकीट बाळगावं लागलं. तुमचा धोंडू तोवर हयात असेल तर त्याचा चेहरा कुठेतरी असू शकतो. ते तिकीट जवळ नसलं तर भटक्या म्हणून पकडायचे, म्हणून लोक जिवापाड जपायचे. चेहरा आपल्याला मिळतो तो त्या जाचामुळे.

दुसरं, नवीन ओसीआयसाठीही (परदेशातल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते कार्ड) हाच उतारा लागतो. २०२४ च्या मार्चमध्ये राष्ट्रपती मुर्मू इथे आल्या तेव्हा सातव्या पिढीपर्यंत सवलत जाहीर झाली. तेव्हापासून इथे जो तो आपला नंबर शोधतोय.

उंबरठा

आता एक विचित्र गोष्ट. हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं, सुनेने 'लिहा' म्हटलं म्हणून लिहिते.

हेन्रिएटाला त्यांच्या शेजारी एक कुटुंब आहे, आडनाव एस-ए-एल-ओ-यू. सालू. नातं काही नाही असं सगळे म्हणतात. पण सालूंकडे कोणी गेलं की दोंदू सुतक पाळतात, आणि उलटही. दोन्ही घरांत सोयरीक कधी झालेली नाही. सुनेने लहानपणी आजीला विचारलं होतं, "ते आपले कोण?" आजी म्हणाल्या, "कोन नाय. सुतक हाय."

नातं नाही आणि सुतक आहे, असं कसं?

खाडीकाठ

असं नसतंच. सुतक असेल तर भावकी असते.

कंदील

सालू म्हणजे... साळू? बाईचं नाव?

व्हाक्वाची_ताई

कंदील, तुम्ही नेम धरून मारलात. ताई, धोंडूच्या मुलाच्या जन्मनोंदीत आईचं नाव आणि आईचा नंबर काय आहे ते बघा. मग सालूंच्या घरी जाऊन त्यांच्या मूळ पुरुषाची जन्मनोंद मागा. त्यातही आईचा नंबर बघा.

का ते सांगते. इथला कायदा फ्रेंच वळणाचा. १८१० साली इंग्रजांनी बेट घेतलं तरी दिवाणी कायदा तोच ठेवला. नुसतं देवाब्राह्मणासमोर, पंचांसमोर लागलेलं लग्न त्या कायद्याला लग्न वाटायचं नाही. सरकारी नोंद नसेल तर मूल अनौरस, आणि बापाने कचेरीत जाऊन कबूल केलं नाही तर मूल आईच्या नावावर. मजुराला मळ्यावरून सुटी काढून कचेरीत जायचं म्हणजे एका दिवसाचा पगार बुडणार. महिना पाच रुपये मिळत होते. कितीतरी घरांत थोरला मुलगा आईच्या नावाचा आणि धाकटा बापाच्या नावाचा झाला, कारण मधल्या काळात कधीतरी सरकारी लग्न लागलं.

एक_शंका

बाप रे. म्हणजे एकाच आईबापाची दोन मुलं, दोन आडनावं, आणि आडनावातच 'बाप नाही' असं लिहिलेलं?

व्हाक्वाची_ताई

लिहिलेलं असतं, पण काही पिढ्यांनी ते कोणाला वाचता येत नाही. सालू हे आमच्याकडे चांगलं भारदस्त आडनाव वाटतं.

उंबरठा

(तीन आठवड्यांनी)

उशीर झाला, सालूंच्या घरच्यांना समजावण्यात गेला. त्यांचे आजोबा आधी तयार नव्हते. "कसली अनौरस बिनौरस" म्हणाले, आणि बरोबरच आहे त्यांचं. शेवटी सुनेची आजी काठी टेकत त्यांच्याकडे गेली आणि काय बोलली माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच दाखला काढून आणला.

थोरल्याची नोंद: आई साळू, आईचा नंबर अमुक. बापाचा रकाना कोरा.
धाकट्याची नोंद, पाच वर्षांनंतरची: बाप धोंडू, आई साळू. पहिल्यात स्पेलिंग एस-ए-एल-ओ-यू, दुसऱ्यात एस-यू-एल-एल-डबल ओ, म्हणजे वाचणारा 'सुल्लू' म्हणेल. पण नंबर तोच. सहाच्या सहा आकडे तेच.

मधल्या काळात धोंडू-साळूचं सरकारी लग्न नोंदलेलं आहे. त्या वेळी थोरल्याला कबूल करून घेता आलं असतं, तसं केलेलं दिसत नाही. राहून गेलं असेल, किंवा कोणी सांगितलंच नसेल.

साळू स्वतंत्रपणे आली होती, वेगळ्या जहाजाने, मुंबईहूनच. तिच्या उताऱ्यात गाव आहे पण त्यावर शाईचा डाग पडलाय. जिल्हा रत्नागिरी एवढं दिसतं.

सालू आजोबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून आकड्यांवर बोट फिरवलं. एक-एक आकडा फ्रेंचमध्ये मोठ्याने वाचला, आधी ह्या कागदावरचा, मग त्या कागदावरचा. आणि सुनेच्या वडिलांना म्हणाले, "म्हणजे मी थोरल्याचा." तेव्हापासून ते चेष्टेत सगळ्यांना पाया पडायला लावतायत.

मोडीवाचक

ताई, ह्या दोन स्पेलिंगांचा एक फोटो (नावं झाकून) टाकाल का? साळूचा 'आ' एकाने ए ने लिहिला आणि दुसऱ्याने यू ने, ही जोडी मला विद्यार्थ्यांना दाखवायचीय. दुसऱ्या कारकुनाने यू लिहिला म्हणजे त्याला 'आ' आखूड ऐकू आला. साळू दमलेली असेल, किंवा घाईत.

अतिशहाणा

मी मगाशी 'मिळणार काय' विचारलं होतं. मागे घेतो.

खाडीकाठ

ताई, आता आंबवचं राहिलं. दोन्ही आंबवांपैकी कुठलं हे ठरवायला घरात काही शब्द उरलाय का? आजी गाऱ्हाणं घालतात का? राखण देतात का?

उंबरठा

राखण म्हणजे?

खाडीकाठ

वर्षातून एकदा राखणदाराला, गावच्या देवाला नारळ-कोंबडा देतात ती. परदेशात कोंबडा सुटतो, नारळ टिकतो.

उंबरठा

विचारलं. नारळ आहे! आजी दरवर्षी उसाच्या शेताच्या बांधावर नारळ फोडतात आणि काहीतरी पुटपुटतात. सुनेने फोनवर रेकॉर्ड करून पाठवलं. अर्धं क्रेओल आहे. मधे दोनदा "हय म्हाराजा" येतं, ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. एक शब्द कोणालाच कळत नाही, आजीलाही नाही. "सोलजाय". त्यांना वाटतं ते कुठलं तरी फुलाचं नाव आहे.

कंदील

'ळ' चा 'ल'... मोडीवाचक, तुम्हीच सांगितलं होतं.

खाडीकाठ

सोळजाई! देवरुखची ग्रामदेवता! अहो ताई, मी हे बस स्टँडवर बसून वाचतोय, मोठ्याने ओरडलो, लोक बघायला लागले.

आता घाई करत नाही. एका शब्दावर गाव ठरवलं तर तुमच्या त्या भिकाजीच्या धोंडूसारखं व्हायचं. पण देवरुखजवळच्या आंबवचं पारडं जड झालं हे नक्की. रविवारी जाऊन येतो.

उंबरठा

पत्रिका छापून आली. 'मॉरिशसस्थित दोंदू व सालू परिवार'. प्रेसवाला म्हणाला दोन आडनावं कशी, मी म्हटलं छाप. गुरुजींना सांगितलं गोत्र माहीत नाही, ते म्हणाले मग काश्यप. एवढं सोप्पं होतं तर आधी का नाही बोललात!

खाडीकाठ

आंबवला जाऊन आलो. एका म्हाताऱ्या काकांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "रामाचा धोंडू? कुठल्या वाडीतला? वाडीत रामा लय." खोतांच्या घरी जुनं बोटखत (कोणाकडे कुठली जमीन, त्याची नोंद) आहे म्हणतात, पण ते पुढच्या काळातलं. धोंडू त्यात नसणार, त्याचा मागे राहिलेला भाऊ असेल तर असेल. त्या घरचे मे महिन्यात मुंबईहून येतात, तेव्हाच पेटी उघडेल.

मोडीवाचक, मे मध्ये मोकळे आहात का? आणि ताई, तेवढ्यात आजींकडून एक काम करून घ्या. नारळ फोडताना त्या तोंड कुठे करतात, 'वरच्या' की 'खालच्या' देवाला म्हणतात, ते विचारा. न विचारता नुसतं पुन्हा रेकॉर्ड केलंत तर जास्त बरं. विचारलं की माणसं विचार करून सांगतात.